पहिल्या फेरीतली पाखर

रविवारी सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी उन्मेष भंगाळेने पहिल्या फेरीत पाखर धरली नाही. त्याने सरळ हल्ला केला. सामना लवकर संपला, त्याची बाजू जिंकली आणि मोबाईलच्या पडद्यावर झेंडूच्या पाकळ्या उधळल्या गेल्या.

उन्मेषला जाऊन तेव्हा आठ महिने होत आले होते.

त्याची आई हेमलता पाकळ्या संपेपर्यंत बघत राहिली. मग मोबाईल उपडा ठेवून ती स्वयंपाकघरात गेली. बट्ट्या वाफवून झाल्या होत्या, तळायच्या बाकी होत्या. भुसावळच्या त्या घरात रविवारी वरण-बट्टीशिवाय दुसरं काही होत नसे, आणि उन्मेष गेल्यावरही दोघांपैकी कुणी ते मोडलं नव्हतं. तिचा नवरा विलास मालगाडीवर गार्ड होता. सकाळीच ड्यूटीवरून येऊन, आंघोळ करून तो टेबलापाशी लसूण सोलत बसला होता.

"हरली का?" त्याने विचारलं.

"जिंकलो."

"मग तोंड का असं?"

ती तेल तापायची वाट बघत उभी राहिली. "त्याने पाखर नाही धरली," ती म्हणाली.

विलासचे हात थांबले नाहीत. फक्त सोललेलीच पाकळी तो पुन्हा सोलू लागला.

उन्मेष सातवीत असल्यापासून 'रानगडी' खेळायचा. या खेळात जोडीचे सामने होतात. दोन गडी एका बाजूला, दोन समोर, आणि प्रत्येकाकडे रानातला एक कल्पित प्राणी. खेळ फेऱ्यांनी चालतो. प्रत्येक फेरीत ठरावीक वेळात आपापली चाल निवडायची. जोडीदाराची निवड आपल्याला दिसते, समोरच्यांची दिसत नाही. चौघांचं ठरलं किंवा वेळ संपली, की सगळ्या चाली एकदम पडद्यावर घडतात. ज्याची निवड वेळेत झाली नाही, त्याचा प्राणी त्या फेरीत नुसता उभा राहतो आणि मार खातो.

हल्ल्याच्या चाली पुष्कळ आहेत, बचावाच्या मोजक्या. त्यातली एक पाखर. पाखर धरणारा प्राणी पुढे येतो, अंग पसरतो आणि त्या फेरीत आपल्या बाजूवर येणारा प्रत्येक वार अडवतो. मात्र त्याला स्वतःला त्या फेरीत दुसरं काहीच करता येत नाही, आणि लागोपाठ दोनदा धरली तर दुसऱ्यांदा ती बहुधा फाटते. म्हणून जाणते खेळाडू पाखर राखून ठेवतात. पहिल्या फेरीत ती धरणं म्हणजे पाऊस नसताना छत्री उघडून चालणं. समोरचा तोवर निवांत आपली ताकद वाढवून घेतो.

उन्मेष प्रत्येक सामन्यात पहिल्याच फेरीत पाखर धरायचा. त्याचा प्राणी खवल्या मांजरासारखा होता, घाबरला की गोल होणारा, आणि त्याने त्याचं नाव बट्टी ठेवलं होतं.

आता सामने खेळत होती ती त्याची पडछाया. पडछाया ही तीन-चार वर्षांपूर्वी निघालेली सोय. जोडीदार परीक्षेला बसलाय, गावाला गेलाय, म्हणून सामना अडू नये, यासाठी खेळ प्रत्येक खेळाडूची एक प्रतिकृती तयार करत असे. ती मेंदूची नक्कल नव्हती, सवयींची होती. कुठल्या स्थितीत या माणसाने काय निवडलं, किती वेळ घेतला, हरत आल्यावर तो उसळतो की आखडतो, जोडीदार घायाळ झाला तर आधी त्याला सावरतो की शत्रूला मारतो, अशा हजारो निवडींमधून एक जाळं विणलं जाई, आणि नवी स्थिती समोर आली की ते जाळं त्या माणसासारखी चाल सांगे. अगदी त्याच्यासारखी अडखळतसुद्धा असे.

त्यात एक मेख होती. खेळात दर काही महिन्यांनी नवे प्राणी, नव्या चाली येत. जुन्या सवयींची पडछाया त्यांच्यापुढे निरुपयोगी ठरली असती, म्हणून ती खेळता खेळता शिकत राहील अशी रचना होती. जी चाल कामी आली तिचं वजन किंचित वाढे, जी वाया गेली तिचं किंचित घटे. जिवंत खेळाडू परत आला की त्याच्या खऱ्या निवडींनी पडछाया पुन्हा मूळ वळणावर येई. जो परत येणार नव्हता, त्याचं काय, हा प्रश्न रचना करताना कुणाला पडला नव्हता.

नंतर कायदा झाला. मेलेल्या माणसाच्या सवयींची एकच प्रत ठेवता येईल, आणि ती त्याच्या वारसांची. त्यामुळे भंगाळे दांपत्यापुढे दोन वाटा होत्या. पडछायेबरोबर खेळत राहायचं, किंवा ती गोठवायची. गोठवलेली पडछाया बदलत नाही, पण खेळतही नाही. तिला एखादी स्थिती मांडून विचारता येतं, आणि ती सांगते की अशा वेळी उन्मेषने अमुक केलं असतं. गोठवायला आई आणि वडील दोघांच्या अंगठ्याचा ठसा लागे, आणि एकदा गोठवली की माघार नव्हती. काहीच न करता तशीच ठेवली, तर तीन महिन्यांनी पुसली जाई.

मेमध्ये उन्मेष परीक्षा देऊन फैजपूरहून दुपारी मोटारसायकलने आला होता. आताशा मेमध्ये सकाळी अकरानंतर रस्त्यावर निघू नका असं पोलीस भोंग्यावरून सांगत. पण पेपर दोनला सुटला होता. त्याने पाणी मागितलं, डोकं दुखतंय म्हणून आडवा झाला आणि संध्याकाळी उठला नाही. एकोणीस वर्षांचा होता.

त्याचा मोबाईल हेमलताने जूनमध्ये चार्जिंगला लावला तो फोटोंसाठी. तो सुरू होताच पडद्यावर ओळ आली, 'उन्मेष जोडीदाराची वाट बघतोय.' ही ओळ यंत्र लिहितं, हे कळण्याआधीच तिचं बोट त्यावर पडलं होतं.

ती मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. खेळातलं तिला काही ठाऊक नव्हतं. तिला काजवी नावाचा एक किरकोळ प्राणी मिळाला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर येईतो पहिल्या फेरीची वेळ संपली आणि समोरून आगीचा लोट आला. तेवढ्यात बट्टी पुढे झाला. खवले उलगडून काजवीवर पसरला. आग त्याच्यावर फुटली आणि दोन्हीकडून वाहून गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर हेमलताने परत मोबाईल घेतला.

घरात ती खेळाबद्दल फारसं बोलायची नाही. विलास दारातून बघे, हळूच विचारे, "चहा ठेवू का?" आणि ठेवूनही देई. कॉलनीतल्या बायकांनी भंगाळे मॅडमला मोबाईलचं वेड लागल्याचं एकमेकींना सांगितलं, तिलाही सांगितलं. तिने ते मान्य केलं.

पण बाई गणिताच्या होत्या. चूक दिसली की दुरुस्त केल्याशिवाय तिला चैन पडत नसे. कुठल्या प्राण्यावर कुठला वार किती लागतो, याचा हिशेब ऑगस्टपर्यंत तिच्या डोक्यात बसला. बोटं झरझर चालू लागली. दिवाळीनंतर पहिल्या फेरीत तिची निवड समोरच्यांच्या आधी होऊ लागली, जोडी जिंकू लागली आणि वर चढू लागली. उन्मेषबरोबर आपण जिंकतोय याचा तिला आनंद होत होता. तो कधी नव्हता इतका निर्मळ आनंद होता, आणि तिथेच घात झाला.

त्या रविवारनंतर आणखी सहा-सात सामन्यांत बट्टीने पहिल्या फेरीत हल्लाच केला. मग हेमलताने पुण्याला अरमानला फोन लावला.

अरमान तडवी हा उन्मेषचा खेळातला जोडीदार. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा, आश्रमशाळेत शिकलेला; आता पुण्यात नोकरीला होता. दोघांची ओळख खेळातूनच झाली आणि पुढे तो भंगाळ्यांकडे सणावाराला जेवायला येऊ लागला. फोननंतर थोड्याच दिवसांत, चुलतबहिणीच्या लग्नाला गावी जाताना तो भुसावळला उतरला. हेमलताने भरीत केलं होतं. हिरव्या वांग्यांचा भाजल्याचा वास जिन्यापर्यंत आला होता.

जेवण होईतो तिने काही विचारलं नाही. मग हात धुऊन आल्यावर विचारलं की उन्मेष पहिल्याच फेरीत पाखर का धरायचा. तिने सगळा हिशेब करून पाहिला होता. त्यात फायदा कुठेच नव्हता.

अरमान जरा हसला. "फायद्यासाठी नव्हती ना काकू ती. माझ्यासाठी होती."

त्याने सांगितलं ते असं. पाड्यावर तेव्हा रेंज नव्हती. तो टेकडीवरच्या महादेवाच्या ओट्यावर बसून खेळायचा. सामना सुरू झाला तरी त्याच्याकडे चित्र उशिरा उमटायचं, आणि पहिली फेरी दर वेळी हुकायची. त्याचा प्राणी ठोंब्यासारखा उभा राहायचा आणि पहिल्याच वारात आडवा व्हायचा. त्यामुळे बाकी कुणी त्याच्याबरोबर जोडी करायला तयार नसे. उन्मेषने केली. पहिली फेरी मी सांभाळतो, तू ये सावकाश, एवढंच तो म्हणाला होता.

"मग पुण्यात तर रेंज आहे," हेमलता म्हणाली.

"आहे ना. मी सांगितलं त्याला. म्हटलं भो, आता बंद कर, लोक हसतात आपल्याला. तर म्हणे, राहू दे, हाताला सवय झाली." अरमानने रुमालाची घडी केली. "तो गेल्यावर मी एकदाच खेळलो त्याच्या पडछायेबरोबर. तिने पहिल्याच फेरीत धरली. माझी रेंज फुल होती, काकू. मी मोबाईल बंद केला तो परत नाही उघडला."

विलास पाण्याचा तांब्या हातात घेऊन दारात उभा होता. तो आत आला नाही, परतही गेला नाही.

हेमलताने अरमानला एक विनंती केली. गावी जाणारच आहेस, तर त्या ओट्यावर बसून थोडे दिवस उन्मेषबरोबर खेळ. पहिली फेरी तुझी हुकेल, पाखर कामी येईल, आणि पडछायेला तिची जुनी सवय परत लागेल. तिने हे फळ्यावर सिद्धता मांडावी तसं मांडलं.

अरमानने मान खाली घातली. टेकडीवर मागच्याच वर्षी टॉवर उभा राहिला होता. ओट्याच्या अगदी शेजारी. आता तिथे पुण्याहून चांगली रेंज येत होती.

उशीर व्हायला आता जगात कुठे जागा उरली नव्हती. उरली होती ती हेमलता. सुरुवातीला चष्मा शोधताना तिला जो उशीर होई, त्याने पाखर जिवंत ठेवली होती. आणि तिने तो उशीर मन लावून, अभ्यास करून घालवला होता. मुलाचं शेवटचं वळण तिने स्वतःच्या हाताने सरळ केलं होतं.

अरमान गेल्यावर विलासने आपला मोबाईल तिच्यापुढे ठेवला. गोठवण्याच्या परवानगीत त्याचा ठसा उमटलेला होता. दुसरा चौकोन रिकामा होता.

"कधी दिला?" तिने विचारलं.

"दिवाळीनंतर. तू जिंकायला लागली तेव्हा." तो खुर्चीत बसला. "मी काही बोललो नाही. तू हसत होती त्या दिवसांत."

त्याचं म्हणणं साधं होतं. भिंतीवरचा फोटो बोलत नाही, पण उद्या त्याचं नाक बदलत नाही. रोज थोडा थोडा जाण्यापेक्षा आहे तेवढा राहू दे. गोठवल्यावर विचारता तरी येईल, अशा वेळी त्याने काय केलं असतं.

"त्याने काय केलं असतं ते मला माहीत आहे," हेमलता म्हणाली. "मला त्याने करायला हवंय."

"आणि तो करीनासा झाला तर?"

ती फक्त एवढंच म्हणाली, की आत्ता गोठवला तर पाखर विसरलेला गोठेल, तेव्हा तिला थोडा अवधी हवा. विलासने तो दिला. आयुष्यभर त्याने सिग्नल पडायची वाट बघितली होती.

दुसऱ्या दिवसापासून हेमलता पहिल्या फेरीत हात मांडीवर ठेवून बसू लागली. निवड करायचीच नाही. काजवी उभी राहायची, वार यायचा आणि ती कोसळायची. सामने धडाधड हरले जाऊ लागले, जोडी वरून खाली घसरली. समोरचे खेळाडू चिठ्ठ्या पाठवत. एकाने लिहिलं, 'आजी, चष्मा सापडला का?' दुसऱ्याने लिहिलं, 'जोडीदाराची कीव येते.' ती वाचे आणि पुढचा सामना लावी. विलासची ड्यूटी नसली की तो शेजारी येऊन बसे. काजवी पडली की त्याच्या तोंडून च्च निघे, जणू खरंच कुणाला लागलं.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका संध्याकाळी बट्टी पुढे झाला आणि त्याने खवले उलगडले. हेमलताने विलासचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. ती उठून देवापाशी गेली, तिथून परत आली, साखरेचा डबा उघडला आणि काय करायचं ते न सुचून बंद केला.

पण पाखर दर सामन्यात येईना. कधी येई, कधी नाही. आणि आली तरी तिच्यात काहीतरी वेगळं होतं. ते काय हे हेमलताच्या दोन-तीन दिवसांनी ध्यानात आलं. पूर्वी सामना सुरू होताच, तिची नजर पडद्यावर स्थिरावायच्या आत, उन्मेषची निवड झालेली असायची. आता त्याच्या नावापुढे तीन ठिपके हलत राहत. विचार चालू असल्याची ती खूण होती. वेळ संपत येईपर्यंत ठिपके हलत, आणि अगदी शेवटी निवड होई.

तिने एक प्रयोग केला. काही सामन्यांत पहिल्या क्षणालाच निवड केली. ठिपके लगेच थांबले आणि बट्टीने हल्ला केला. काही सामन्यांत हात मांडीवर ठेवला. ठिपके टोकापर्यंत गेले आणि बहुतेक वेळा पाखर आली. मग कारण उघडच होतं. जोडीदाराची निवड दिसत असल्याने पडछाया आता थांबून बघत होती. आई वेळेत आली तर पाखर फुकट जाते, नाही आली तर कामी येते. म्हणून आधी बघायचं, मग ठरवायचं. यापेक्षा शहाणी चाल नव्हती. वर्गात एखाद्या मुलीने हे उत्तर दिलं असतं तर हेमलताने पैकीच्या पैकी गुण दिले असते.

तिने अरमानला फोनवर हे सांगितलं.

"तो कधी बघायचाच नाही ना काकू," अरमान म्हणाला. "मी आलोय की नाही, तो बघायचा नाही. धरून मोकळा व्हायचा."

त्या रात्री हेमलता जेवली नाही. सकाळी तिने विलासला उठवलं आणि परवानगीचा तो रिकामा चौकोन उघडायला सांगितला.

रविवार होता. दोघं टेबलापाशी बसले. एका बाजूला त्याचा मोबाईल, ठशाची जागा उघडी. दुसऱ्या बाजूला उन्मेषचा, सामना लावलेला. ठरलं ते असं की हा एक सामना खेळायचा. पहिल्या फेरीत त्याने पाखर धरली, तर ती धरली असतानाच अंगठा टेकायचा. म्हणजे पुढे कधीही विचारलं, तर पाखर धरेन म्हणूनच सांगेल.

"आणि नाही धरली तर?" विलासने विचारलं.

"तर तुम्ही सांगा."

त्याने पाठीमागे जाऊन पंखा बंद केला, कशासाठी ते त्यालाही ठाऊक नसावं, आणि परत येऊन बसला.

सामना सुरू झाला. समोर दोन मोठी जनावरं उतरली, एक शिंगाचं, एक आगीचं. या बाजूला काजवी आणि तिच्या शेजारी गोल होऊन बसलेला बट्टी. समोरच्या दोघांच्या नावांवर बरोबरच्या खुणा उमटल्या. त्यांचं ठरलं होतं.

हेमलताने हात मांडीवर ठेवले. उजवा अंगठा तिने डाव्या मुठीत धरला होता.

पहिल्या फेरीची निम्मी वेळ सरली तेव्हा तिच्या नावापुढे तीन ठिपके हलत होते. तिच्या खालच्या ओळीत उन्मेषच्या नावापुढेही तीन ठिपके हलत होते. दोघांपैकी निवड कुणाचीच झालेली नव्हती.